फळ्यावरचा ज्वालामुखी

पत्र

मी भूगोलाची शिक्षिका, गेल्या वर्षी निवृत्त झाले. एकतीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढला: खाली लाल खडूने शिलारसाचा कोठा, मधोमध नळी, वर धुराचा पिसारा. खरा ज्वालामुखी मात्र एकदाही पाहिलेला नाही. आता दक्षिण पॅसिफिकमधल्या वानुआतूला जाऊन तान्ना बेटावरचा माउंट यासुर बघावा असं मनात आहे. मुलगी म्हणते, या वयात आणि दमा असताना हा वेडेपणा आहे. (दमा सौम्य आहे, थंडीत आणि धुळीत पंप लागतो.) मिस्टर म्हणतात, एवढा खर्च करायचाच तर नऊ दिवसांत चार बेटं करू. एफाटे, तान्ना, आंब्रिम आणि सांतो असा त्यांनी तक्ताच केलाय. स्वतः मात्र ते ज्वालामुखीवर येणार नाहीत म्हणतात. आम्ही शाकाहारी आहोत. जावं का? जायचं तर कसं? आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तिथली थोडी राख आणता येईल का?

भूगोलाच्या बाई

उत्तर

बाई, नमस्कार.

जावं. मिस्टरांचा तक्ता तेवढा घरी राहू दे.

मुलीला ज्वालामुखीची धास्ती, मिस्टरांना पैसे वाया जाण्याची. मला धास्ती त्या तक्त्याची, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. वानुआतू म्हणजे ऐंशीच्या वर बेटं, आणि ती दक्षिणोत्तर सुमारे 1,300 किलोमीटरांत विखुरलेली. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं ते छोट्या विमानाने. हे विमान हवा बिघडली की येत नाही, धावपट्टी भिजली की येत नाही, आणि कधीकधी का आलं नाही हे कुणी सांगतही नाही. मे 2024 मध्ये तर त्यांच्या राष्ट्रीय विमान कंपनीचीच उड्डाणं एकाएकी थांबली, कंपनी अवसायनात निघाली आणि प्रवासी ठिकठिकाणी अडकले. मी स्वतः तान्नाच्या व्हाइटग्रास विमानतळावर एक अख्खा दिवस बाकावर काढलाय. संध्याकाळी तिथल्या बाईंनी हसून सांगितलं, उद्या. त्या 'उद्या'पायी माझं पुढचं आंतरराष्ट्रीय विमान हुकलं आणि नवं तिकीट पदरच्या पैशांनी काढावं लागलं.

शिवाय ज्या आकर्षणासाठी मिस्टरांनी आंब्रिम घातलंय, ते बहुधा जुन्या प्रवासवर्णनांतलं. तिथल्या विवरांत लाव्हाचे तलाव खदखदत असत. डिसेंबर 2018 मध्ये शिलारस जमिनीखालून बाजूला, आग्नेयेच्या भेगेत शिरला आणि ते तलाव ओसरून गेले. तुम्ही फळ्यावर काढायचात त्या नळीला बाजूने फाटा फुटला असं समजा. सांतो सुंदर आहे, 1942 मध्ये अमेरिकेच्याच सुरुंगांवर आदळून बुडालेलं 'प्रेसिडेंट कूलिज' जहाज तिथे आहे, पण ते पाण्याखाली. बुडी मारता येणाऱ्यांनी जावं.

तेव्हा दोनच बेटं. आधी एफाटेवर, म्हणजे राजधानी पोर्ट व्हिलाला दोन रात्री, मग तान्नाला चार, आणि परत पोर्ट व्हिलाला दोन. शेवटच्या दोन रात्री चैनीसाठी नाहीत. तान्नाहून निघणारं विमान आणि मायदेशाकडचं विमान यांच्यात मोकळे दिवस हवेतच. चार रात्री म्हणजे ज्वालामुखीवर जायच्या निदान तीन संध्याकाळी हाताशी राहतात: एक पावसात गेली, एक वारा उलटा म्हणून गेली, तरी तिसरी उरते. एकाच संध्याकाळीवर एवढा प्रवास टांगून ठेवणारे लोक मग वाटाड्याशी हुज्जत घालतात, आणि नको तेव्हा वर जातात.

आता दमा. मुलगी काळजी करते ते बरोबर आहे, पण तिने कारण चुकीचं धरलंय. चढ फारसा नाही. यासुरची उंची 361 मीटर, गाडी बरीच वर जाते आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटांची पायवाट उरते. वयाचा इथे संबंधच नाही. अडचण आहे सल्फर डायऑक्साइडची. निरोगी माणसाला ज्या प्रमाणात नुसतं नाक चुरचुरतं, त्या प्रमाणात दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळू शकतात. आणि इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: एन-95 मास्क लावला की झालं. तो मास्क राख अडवतो, वायू नाही. वायूसाठी आम्लवायूंचं काडतूस बसवलेला वेगळा मास्क लागतो, आणि तो घालून श्वास घ्यायलाही जोर लागतो. सौम्य दमा असणाऱ्याने असा मास्क घालून वर जाण्यापेक्षा त्या दिवशी न गेलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सगळा खेळ वाऱ्याचा. मे ते ऑक्टोबर तिथला कोरडा काळ, तेव्हा आग्नेय व्यापारी वारे बऱ्यापैकी नेमाने वाहतात. हे मी तुम्हाला काय सांगायचं! धूर वायव्येकडे जातो. तान्नावर त्या बाजूच्या झाडांच्या पानांवर राखेचा करडा थर दिसतो, आणि ज्वालामुखीच्या पायथ्याची वायव्येकडची जमीन ओसाड काळी आहे. त्यामुळे विवराच्या काठावर वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. वारा तोंडावर यायला लागला की फोटो अर्धा राहिला तरी खाली उतरायचं. ज्या संध्याकाळी वारा पडलेला असेल, त्या संध्याकाळी जाऊच नका. वायू काठावरच रेंगाळतो.

निघण्याआधी छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि 'परदेशी चाललेय' एवढंच न सांगता 'सल्फर डायऑक्साइड असलेल्या जागी चाललेय' हे शब्द वापरा. नेहमीचा प्रतिबंधक पंप प्रवासाच्या काही आठवडे आधीपासून नेमाने घ्यायला ते बहुधा सांगतील. तातडीचे पंप दोन न्या: एक खिशात, एक मिस्टरांकडे. सामानात नको. तान्नाला लेनाकेलमध्ये रुग्णालय आहे, पण लहान. मोठं दुखणं पोर्ट व्हिलाला न्यावं लागतं आणि फार गंभीर असेल तर देशाबाहेर, म्हणून विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा काढा. विमा काढताना दमा लपवू नका. 'ज्वालामुखीला भेट' हे त्यांच्या वगळलेल्या यादीत नाही ना, हेही वाचून घ्या. मी हे वाचलं नव्हतं, परत आल्यावर वाचलं.

आता खुद्द ज्वालामुखीचा धोका. यासुर हा उघड्या तोंडाचा ज्वालामुखी. ऑस्ट्रेलियाकडची भूपट्टी वानुआतूखाली पूर्वेकडे घुसते, वर शिलारस येतो, आणि त्यात वायूचे मोठे बुडबुडे तयार होऊन नळीच्या तोंडाशी फुटतात. ताशी कित्येकदा. 1774 मध्ये कॅप्टन कुकला समुद्रातून रात्री याच डोंगराची आभा दिसली आणि तो इथे नांगर टाकायला आला. त्या खाडीला त्याच्या जहाजावरून पोर्ट रेझोल्यूशन नाव पडलं. तेव्हापासून डोंगर तसाच धुमसतोय. हा सततचा निचरा आहे म्हणून माणसं तिथे जाऊ शकतात, एवढंच. 'निरुपद्रवी' असं कुणी म्हणालं तर मानू नका. उडालेल्या तप्त दगडांनी तिथे पूर्वी माणसं दगावलेली आहेत.

तिथला हवामान आणि भू-आपत्ती विभाग प्रत्येक जागत्या ज्वालामुखीला 0 ते 5 असा इशारा-स्तर देतो आणि तो इंटरनेटवर जाहीर करतो. यासुर बहुतेक काळ 2 वर असतो. स्तर 3 झाला की काठावर जाण्याचा विचार सोडा, कुणी कितीही वतू (हे तिथलं चलन) कमी घेऊन नेतो म्हणाला तरी. पण 2 म्हणजे बिनधास्त असंही नाही. न्यूझीलंडचा व्हाकारी 9 डिसेंबर 2019 रोजी फुटला तेव्हा त्यांच्या मोजपट्टीवर तो 2 वरच होता. तिथे 22 जण गेले. तिथे अडकलेली वाफ एकदम फुटली होती, यासुरची जात वेगळी, हे तुम्हाला कळतंच. मुलीला समजावताना मात्र 'स्तर दोनच आहे गं' हा मुद्दा वापरू नका. ती व्हाकारी शोधून काढेल. तिला हे सांगा: हेल्मेट घालेन, अधिकृत वाटाड्याच्या पुढे जाणार नाही, आणि तो 'चला' म्हणाला की का म्हणून विचारणार नाही. वाटाडे एक गोष्ट सांगतात ती मनावर घ्या. स्फोट मोठा झाला तर पाठ फिरवून धावायचं नाही. वर बघायचं, दगड कुठे येतोय ते पाहायचं आणि बाजूला सरकायचं. आपण मागे वळून धावलो तर दगड दिसतच नाही. एकतीस वर्षं चाळीस-पन्नास मुलांवर नजर ठेवलेल्या बाईंना हे जमायला हरकत नाही.

सूर्य मावळायच्या तासभर आधी काठावर पोचा. उजेडात विवर बघून ठेवलं की अंधारात आपण कुठे उभे आहोत याचं भान राहतं. आवाज ऐकू येण्याआधी छातीवर हवेचा धक्का बसतो, जणू कुणी शेजारच्या खोलीचं दार धाडकन लोटलं. मग आवाज. मग विवरातून लाल ठिपके वर चढतात, चढतच राहतात, आणि उतरताना इतके सावकाश उतरतात की आधी ते लहान वाटतात. खाली आपटल्यावर त्यांचा चप्प असा ओलसर आवाज येतो आणि तेव्हा कळतं की त्यातला एखादा गाडीएवढा होता. वास विझलेल्या फटाक्यांचा. दातांत कचकच येते. राख म्हणजे बारीक काच आहे, डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला. कॅमेऱ्याची भिंग वर बदलू नका. माझ्या कॅमेऱ्याचं फिरतं कडं अजून करकरतं. वर गार वारा असतो, जॅकेट आणि डोक्याला लावायची बॅटरी हवी. उतरताना पायाखालचं दिसत नाही आणि सगळ्यांचे मुरगळणारे पाय तिथेच मुरगळतात.

राहायचं कुठे? पहिल्या दोन रात्री विमानतळाकडच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथून यासुरला जायचं म्हणजे बेट आडवं ओलांडायचं. चारचाकी जीप, अर्धा रस्ता खड्ड्यांचा, शेवटी राखेच्या काळ्या मैदानातून. नंतरच्या दोन रात्री पोर्ट रेझोल्यूशनकडे. ते डोंगराच्या पूर्वेला, म्हणजे नेहमीच्या वाऱ्यात धुराच्या विरुद्ध अंगाला. साधी गवती खोली, रात्री दिवा नसला तरी आश्चर्य नाही, पण अंथरुणावर पडल्या पडल्या डोंगराची गुरगुर ऐकू येते. पिण्याचं पाणी बाटलीचंच घ्या. पत्र्यावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यात राख आणि आम्ल उतरतं. गावकऱ्यांच्या पिकांचीही आम्लवर्षेने नासाडी होते, हे प्रत्यक्ष बघाल.

जेवणाचं अवघड नाही. सुरण-कोनफळाचे भाऊबंद, अरवी, रताळी, कसावा, केळी, नारळ आणि एक पालेभाजी ही तिथली रोजची भाकरी. लापलाप हा त्यांचा मुख्य पदार्थ: कंद किंवा केळी किसून नारळाच्या दुधात कालवायची, पानांत गुंडाळायची आणि तापलेल्या दगडांत पुरून भाजायची. त्यावर कोंबडी किंवा डुकराचं मांस ठेवायची पद्धत आहे, म्हणून आधी सांगावं लागतं. सांगायचं असं: 'मी नो काकाए मीट, मी नो काकाए फिश.' हो, बिस्लामा भाषेत 'मी' म्हणजे मीच. आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आपल्यासारखाच त्यांच्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद आहे. 'युमी' म्हणजे समोरच्याला धरून आपण, 'मिफाला' म्हणजे त्याला वगळून आम्ही. 1906 पासून 1980 पर्यंत इंग्रज आणि फ्रेंच यांनी मिळून या देशावर राज्य केलं. दोन पोलीस दलं, दोन कायदे. स्वतंत्र झाल्यावर देशाने राष्ट्रगीत निवडलं 'युमी, युमी, युमी'. आपण, आपण, आपण.

मिस्टर वर येत नाहीत म्हणतात तर येऊ देऊ नका. गोडीगुलाबीने काठावर ओढून नेलेला माणूस तिथे सगळ्यांची संध्याकाळ खराब करतो. त्यांना संध्याकाळी गावातल्या नाकामालमध्ये पाठवा. तिथे पुरुष कावा पितात. मिरीच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांचा हा चिखलासारखा रस. ओठ आणि जीभ बधिर होते, माणूस गप्प होतो. तान्नावर मुळं अजून मुलांकडून चावून घ्यायची जुनी रीत आहे, हे त्यांना आधी सांगायचं की नंतर, ते तुम्ही ठरवा. तान्नाच्या नाकामालमध्ये त्या वेळी बायकांना मज्जाव असतो. पोर्ट व्हिलातली कावाची ठिकाणं सर्वांना खुली आहेत, तुम्हाला चव घ्यायची तर तिथे. कावा घेतला की दारू नाही, आणि दम्याच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर.

राहिलेलं भराभर सांगते. चलन वतू; तान्नावर रोख लागते, ती पोर्ट व्हिलातच काढून घ्या. घासाघीस आणि बक्षिसी दोन्ही तिथे रीतीला धरून नाहीत. ऑस्ट्रेलियातून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्याचा अर्ज आधी करा. फिजीमार्गे ती कटकट नाही. वानुआतूचे प्रवेशाचे नियम तिकीट काढण्याआधी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. मार्च 2023 मध्ये एकाच आठवड्यात ज्युडी आणि केविन अशी दोन येऊन गेली. स्वस्त तिकिटं तेव्हाच मिळतात, हे मिस्टरांच्या लक्षात येईलच. तुम्ही लक्ष देऊ नका. तान्ना ज्या ताफेआ प्रांतात आहे तो 2017 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला, पण डासांचं मलम न्याच, डेंग्यू आहे. आणि भूकंप: 17 डिसेंबर 2024 ला पोर्ट व्हिलाजवळ 7.3 चा झाला, गावाच्या मध्यावरच्या इमारती कोसळल्या. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता उंचावर चालू लागायचं. खोली घेताना मागे चढ कुठे आहे तेवढं पाहून ठेवा.

शेवटी राख. वानुआतूत सगळी जमीन परंपरेने तिथल्या कुळांची असते. यासुरही कुणाच्या तरी मालकीचा आहे आणि त्यांच्या लेखी तो नुसता डोंगर नाही. तेव्हा डबी काढून भरायला लागू नका. वाटाड्याला विचारा, तो ज्यांना विचारायचं त्यांना विचारेल. हो म्हणाले तर चमचाभर घ्या, घट्ट बंद करा आणि वाटेतल्या प्रत्येक देशात कस्टमपाशी स्वतःहून दाखवा. ऑस्ट्रेलिया आणि फिजीत मातीबद्दल फार कडक आहेत, डबी काढून घेतली तर रागावू नका. नाही म्हणाले, तरी बुटांच्या शिवणीत, टोपीच्या घडीत आणि चष्म्याच्या बिजागरीत थोडी येतेच. बूट मात्र विमानतळावर जाण्याआधी धुवा, नाहीतर तिथला अधिकारी ते तुमच्यासमोर धुवायला लावेल आणि रांगेतली सगळी माणसं थांबून बघतील.